हार्लनचा पिवळा उजेड

पाण्याखालच्या गुहांमध्ये पोहायला मला हार्लन टिबेट्सने शिकवलं. उत्तर फ्लोरिडात आमच्या झऱ्यांच्या पोटात चुनखडीचे लांबच लांब बोगदे आहेत. तिथे आधार दोनच: बाहेरपासून आत ताणलेली दोरी आणि हातातला दिवा. हार्लन गेला तो मात्र घरी, झोपेत. त्याच्या बायकोने, आमच्याकडे सगळे जिला आदराने मिस व्हर्ना म्हणतात तिने, त्याचा दिवा मला दिला. "फळीवर धूळ खाण्यापेक्षा पाण्यात जाऊ दे, पोरी," एवढंच ती म्हणाली.

दिवा जुन्या धाटणीचा. कमरेला लटकवायचा जड बॅटरीचा डबा, त्यातून निघालेली केबल आणि टोकाला पिवळट उजेडाचा हॅलोजन बल्ब. बॅटरी केव्हाच मेली होती. एका शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी तो उघडला. शिशाची बॅटरी काढून लिथियमची बसवली, बल्बच्या जागी एलईडी जोडला, झाकणाची रबरी कडी बदलून तिला ग्रीस चोपडलं. पाण्यातला माझा जोडीदार ओडेल कॉफी पीत समोर बसला होता. माझ्या सोल्डरिंगचे ओबडधोबड डाग बघून म्हणाला, "हार्लनने हे पाहिलं असतं, तर तुला परत पहिलीत बसवलं असतं."

बाथटब भरून दिवा बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. उजेड लख्ख पांढरा पडला. मग टबाच्या तळावरचा तो ठिपका पिवळा झाला आणि सावकाश एक वर्तुळ काढून थांबला. गुहेत आम्ही 'सगळं ठीक आहे' हे दिव्याने असंच सांगतो. माझा हात हलला नव्हता. ओडेलच्या मते पाणी हललं असणार. मीही तेच धरून चालले. बाहेर काढला तेव्हा दिव्याची काच चांगलीच गरम लागली. एलईडी पाण्यात इतका तापत नाही; तापायचा तो जुना हॅलोजन.

दुसऱ्या दिवशी आम्ही झऱ्यात उतरलो. मुख्य दोरीला आमची बारीक दोरी बांधून ती सोडत बाजूच्या एका दालनात शिरलो. पाणी काचेसारखं होतं, आणि माझा पांढरा झोत पार पलीकडच्या भिंतीवर पोचत होता. हार्लनला दाखवायला हवं होतं, असं मनात आलं.

तेवढ्यात छताचा गाळ दगडांसकट सुटला.

पाण्याचं ताक झालं. आमची बारीक दोरी दगडाखाली गेली. ओडेलचा दिवा त्या पांढऱ्या धुरळ्यात नुसताच डोळ्यांवर येत होता, तो त्याने विझवला. माझा आपोआप गेला.

काळोख. माझ्याच श्वासाचा आवाज.

मग समोर पिवळा उजेड दिसला. त्याने सावकाश एक वर्तुळ काढलं.

ओडेलने वाट शोधली, असं मला वाटलं. मी त्या उजेडामागे गेले.

तो थांबला की मी थांबे. तो निघाला की मी निघे.

माझा हात मुख्य दोरीवर पडला. उजेड नव्हता.

थोड्या वेळाने माझ्या हातावर मागून दुसरा हात आला. ओडेलचा.

वर उन्हात आल्यावर त्याने माझे आभार मानले. तू मागून टाकलेल्या पिवळ्या उजेडामागे मी मुकाट जात राहिलो, म्हणाला. माझा दिवा तर विझलेला होता. घरी डबा उघडला. आत थेंबभरही पाणी नव्हतं, बॅटरी भरलेली होती. बटण दाबताच दिवा पांढराशुभ्र लागला.

दुपारी आम्ही दोघं मिस व्हर्नाकडे गेलो. आभार मानायचे होते. कुणाचे, ते मला नीट सांगता येईना. तिने उकडलेले शेंगदाणे पुढे ठेवले आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

"आणि तू? घाबरला नाहीस?" तिने ओडेलला विचारलं.

"नाही, मिस व्हर्ना. हिने मागून माझी पोटरी शेवटपर्यंत धरून ठेवली होती."

मी त्याच्या पुढे होते.

त्याने पँट वर सरकवली. पाण्यात घालायच्या एवढ्या जाड सूटमधूनही बोटांचे वळ उमटले होते. रुंद, लांब बोटं, माझ्यापेक्षा कितीतरी मोठी. मिस व्हर्ना वाकली, त्यांवर तिने आपलं एकेक बोट ठेवलं आणि हात तसाच राहू दिला.

"त्याची बोटं अजून ओली आहेत," ती म्हणाली.