रिकामं पोतं

पोतं हवंय? देतो की, मास्तर. गिरणीत पोत्यांना काय तोटा! बसा जरा, एवढं दळण उतरू दे... हं, झालं. मांजर सोडून यायचंय ना? अहो, लाजता कशाला, गावात कुणी सोडलं नाही? मांजराच्या बाबतीत आपली रीतच आहे. मारायचं नाही, पाळायचं नाही, नाव तर मुळीच द्यायचं नाही. उंदीर धरते तोवर गोठा तिचा, गिरणी तिची. दुधात तोंड घातलं की पोतं.

काय म्हणालात? राखाडी? आणि डावा कान फाटलेला...

मग थांबा. माझं ऐकल्याशिवाय जाऊ नका.

बावीस वर्षं झाली. थंडीचे दिवस होते, सकाळचे नऊ वाजलेले, पण धुकं असं की अंगणातली विहीर दिसेना. आमची पोर पाच महिन्यांची, तीन दिवस तापाने फणफणलेली. बायको पाळण्याशी बसून तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवत होती. जुन्या निळ्या चादरीची पट्टी, कडेला लाल दोऱ्याची शिवण. मी पाहावं तेव्हा ती पट्टी क्षणात गरम व्हायची.

पाळण्याखाली एक राखाडी मांजरी बसलेली असायची, डावा कान फाटलेली. गिरणीतलीच. आई म्हणाली, "हिचीच नजर आहे पोरीवर. आधी हिला घालव."

बायको म्हणाली, "ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात! तुम्ही आधी औषध आणा."

मी म्हटलं, एका फेरीत दोन्ही कामं होतील. मांजरीला पोत्यात घातलं आणि पूल ओलांडून दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने पोतं हलताना पाहून विचारलं, "यात काय हो?" मी म्हटलं, "वाघाची मावशी, माहेरी चाललीय." हसला तो. लाल औषधाची बाटली दिली, वर चिठ्ठी चिकटवली, दिवसातून तीनदा. बाटली मी आतल्या खिशात ठेवली.

पुढे फाट्यावर थांबलो. मांजर सोडताना पोतं तीनदा गरगर फिरवायचं, म्हणजे ते वाट विसरतं, हे तुम्हाला ठाऊकच असेल. माझ्या वडिलांनी बजावून सांगितलं होतं, "पोतं फिरव, तू फिरू नकोस. पाय रोवून उभा राहा." पण मांजरीने आतून नख्या मारल्या, माझा हात सोलला. पोतं एका हातात पेलेना. घरी पोरगी तापलेली, मला घाई. मी दोन्ही हातांनी पोतं छातीशी धरलं आणि स्वतःच भिंगरीसारखा फिरलो. एक, दोन, तीन.

तोंड सोडलं. ती बाहेर आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि अजिबात न घुटमळता चालू लागली. मी मात्र उभाच. चारी बाजूंना पांढरं. कापूस पिंजून ठेवावा तसं. मग पुलाखालच्या पाण्याचा आवाज आला आणि मी आवाजामागे निघालो. चालताना पावलं वाजत नव्हती, आणि खरं सांगतो, भीतीही वाटत नव्हती. झोपेत चालल्यासारखं छान वाटत होतं. त्याचीच आता भीती वाटते.

घरी आलो. तेच अंगण, तीच विहीर. गिरणीत शिरलो तर जमिनीवरच्या पिठात उंदरांची पावलंच पावलं. आत पाळण्यात पोर खिदळत होती.

मी म्हटलं, "ताप उतरला?"

बायको म्हणाली, "कसला ताप? कुणाला?"

आईला विचारलं. ती म्हणाली, "मांजर? आपल्याकडे कधी होतं मांजर?" दवाखान्यात धावलो. कंपाउंडर म्हणाला, "तुम्ही आज आलाच नव्हतात." अन् खिशात त्याच्याच अक्षरातल्या चिठ्ठीची बाटली...

सगळे म्हणाले, धुक्यात चक्कर आली असेल. मीही मान डोलावली. काय करणार?

तिसऱ्या दिवशी भरदुपारी ती मांजरी गिरणीच्या दारात उभी. गळ्यात निळी पट्टी, कडेला लाल शिवण. गाठ माझ्या बायकोची, दोनदा मारून टोक आत खोचलेली. मी झडप घातली. ती निसटली, पट्टी तेवढी हातात राहिली. बायकोला नेऊन दाखवली, तर म्हणते, "रंग छान आहे हो. कुठून आणलीत?"

त्या दिवशी मी या पोत्यांच्या थप्पीमागे बसून ढसाढसा रडलो, मास्तर. आत हसतेय ना, ऐकू येतंय? तीच ती मुलगी. माहेरपणाला आलीय. गुणी आहे, जीव आहे माझा तिच्यावर. पण माझी एक पोर औषधाची वाट बघत तिकडे राहिली, हे कुणाला सांगू?

फाट्यावर जाऊन कितीदा तरी गरगर फिरलो. नुसती मळमळ झाली. मांजरी अधूनमधून दिसते, अगदी तशीच, म्हातारी झालेली नाही. पण मला पाहिलं की भिंतीवरून पसार. मीच तिला पोत्यात कोंबलं होतं ना! तुमच्याकडे दूध प्यायला येते म्हणता. तुमच्या हाताला ती येईल.

हे घ्या पोतं. बाहेर धुकंही पडलंय. फाट्यावर जा, पण पोतं फिरवू नका. तीनदा काय, एकदाही नको. मांजराला आपलं घर बरोबर सापडतं, चुकतो तो माणूस. आणि सोडण्याआधी ही बाटली तिच्या गळ्यात घट्ट बांधा. एवढं कराच.

बावीस वर्षांचं औषध, आता काय उपयोग, असंच मनात आलं ना तुमच्या? इकडे द्या हात. ही पट्टी धरा. मी कधी पाण्यात घातली नाही, उन्हात ठेवली नाही, या डब्यातच असते...

बघा. ओली आहे. आणि गरम.