खाप्याची दुसरी वाट

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या कौसल्येचे पाय समोरच्या खोलीच्या दारातच थबकले. शहरात, गांधीबागेतल्या आपल्या घरात तिचा धाकटा भाऊ, कवी बळीराम, सत्काराचे हार बाजूला ठेवून पाहुण्यांना आपली गाजलेली कविता उलगडून सांगत होता... त्यांच्या खापा गावाच्या वेशीबाहेर फुटणाऱ्या दोन वाटा, एक मोटारस्टँडकडे जाणारी, एक परत विणकरांच्या वस्तीकडे वळणारी, आणि मध्ये एकटा उभा असलेला तरुण.

"माणूस एक वाट निवडतो, तेव्हा दुसरी कायमची ओस पडते," बळीराम म्हणाला. "कवितेचं मर्म तेच आहे."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. कौसल्येने चहा दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली, ती उठलीच नाही. एकटा...? अरे, तो शहरात शिकायला निघाला त्या दिवशी त्याची ट्रंक तर तिच्याच डोक्यावर होती! बासष्ट साली दोघं एकदमच मॅट्रिक झाली, गुण तिचेच जास्त. पण वडिलांची नजर गेली आणि घरच्या हातमागावर कुणीतरी बसायला हवं होतं. मला नाही शिकायचं, असं तिने हसत सांगितलं, अन् त्या भाबड्याने ते खरं मानलं. वडील गेले, लग्नाचं वय मागावरच सरलं, आणि अंतःकरणात साठत गेलेला तो एकटेपणा कुणाला दिसलाच नाही.

पाहुणे गेल्यावर बळीराम आत आला. "ताई, अशी काहून बसली? कविता नाही आवडली का तुले?"

"चांगली आहे गा. पन ते वाट ओस नव्हती. तिच्यावरून मी घरी गेली, बळीराम. रडत गेली... मलेही शिकाचं होतं."

बळीराम तिच्यासमोर जमिनीवर बसला. "मंग तवा सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं, तर तू गेला असता का?"

त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने तिचे घट्टे पडलेले हात हाती घेतले. "ताई, तू तिथून वळली... मंग पुढं काय झालं? मले सांग."

बावीस वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. कौसल्येने पदराने डोळे पुसले, जराशी सरकून त्याला पाटावर जागा करून दिली, आणि वेशीपासून सांगायला सुरुवात केली.