धाकटीचं वाक्य

आमच्या प्रयोगात करायचं एवढंच असतं: पडद्यावर वाक्यातला एकेक शब्द येतो, बटण दाबलं की तो जातो आणि पुढचा येतो. कोणत्या शब्दावर माणूस किती थांबला, ते संगणक टिपून ठेवतो. साध्या शब्दाला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. ‘माळ्याने झाडांना चष्मा घातला’ असं वाक्य आलं, की चष्म्यापाशी बोट अडतं. ज्याचं अडतं त्याला ते कळतही नाही.

विचित्र वाक्यांच्या मधे साधी वाक्यं पेरावी लागतात. ती लिहायचं काम माझं, आणि मी पक्का आळशी. घरचीच माणसं कामाला लावली. ‘धाकटी बहीण रोज चार वाजता घरी येते’ हे त्यातलंच. आईबाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. चार वाजत आले की माझा जीव टांगणीला लागतो. ‘पोचले’ एवढा तिचा निरोप फोनवर आला, की मग मी चहा पितो.

शुक्रवारी आठवड्याचे आकडे काढले, तेव्हा या वाक्यातल्या ‘घरी’वर लोक अडलेले दिसले. चष्म्यापेक्षाही जास्त. बटण बिघडलं असेल म्हणून मी ते बदललं. मग प्रत्येकाचे आकडे वेगळे काढले. मंगळवारी दुपारी चारपर्यंत आलेले सगळे ते वाक्य सरळ वाचून गेले होते. चारनंतर आलेला प्रत्येक जण तिथंच थांबला होता. एकवीसच्या एकवीस. मोठ्या भावाचं तसंच वाक्य मात्र कुणालाच जड गेलं नव्हतं.

मंगळवारी धाकटी सव्वापाचला आली होती. बस बंद पडली म्हणाली. त्या दिवशी निरोपही नव्हता. बुधवारपासून मात्र तो बरोबर चारच्या ठोक्याला येतो आहे, एक मिनिट इकडेतिकडे नाही.

त्या दुपारी शेवटच्या आल्या त्या एक निवृत्त नर्सबाई. त्यांना मी विचारलं, “वाचताना कुठं अडलं का?”

“अडलं नाही,” त्या पर्स उचलत म्हणाल्या. “एका ठिकाणी वाईट वाटलं फक्त.”

“कशाचं?”

त्यांनाही सांगता येईना. जाताना त्यांनी दार अगदी हळू लावलं, आजाऱ्याच्या खोलीचं लावतात तसं.

मी धावतपळत घर गाठलं. धाकटी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती.

“आज लवकर? तुझ्या प्रयोगवाल्या मॅडमनी हाकललं की काय?”

मी हसलो. खरं तर रडूच यायचं बाकी होतं. उगाच राईचा पर्वत केला, म्हटलं.

तरी भीती कायमची मोडावी म्हणून लॅपटॉप उघडला आणि ती चाचणी मी स्वतः दिली. वाक्य माझं, बहीण माझी, आणि ती दहा पावलांवर. अडायचं कारणच नव्हतं. वाचताना कुठं अडल्यासारखं वाटलंही नाही.

आकडे उघडले. ‘धाकटी’, ‘बहीण’, ‘रोज’, ‘चार’, ‘वाजता’, सगळे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात.

‘घरी’ला चार सेकंद.

“दादा, चहा ठेवू का?” स्वयंपाकघरातून तिने विचारलं. आवाज तिचाच.

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. समोर भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा सरकत होता.

एक. दोन. तीन. चार.

तिने पुन्हा विचारलं नाही. आतला भांड्यांचा आवाजही थांबला होता.