‘भिंगरी’ची किंमत किती?

तीस हजार रुपये खर्चून बनवलेली वस्तू चोवीस हजारांना विकली, तर फायदा कसा होईल?

केतकी चौगुलेला हा प्रश्न पडला तेव्हा साल होतं २०४८ आणि ती होती अकरा वर्षांची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिच्या वसुधाआत्याचा छोटा कारखाना होता. पाच वर्षं खपून आत्याने तिथे ‘भिंगरी’ नावाचा गेम कन्सोल (व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र) तयार केला होता. त्याला पडदा लागत नसे. खोलीत हवेतच प्रकाशाचं मैदान उभं राही आणि मुलं त्यात धावून खेळत.

पण महिनाभरात भिंगरी विकल्या गेल्या फक्त अकरा.

“वसुधाताई, तीस हजार खर्च, वर सहा हजार नफा. छत्तीस हजार ही किंमत सरळ आहे,” आत्याचे भागीदार निंबाळकरकाका म्हणाले. “लोक घेत नाहीत, त्याला आपण काय करणार? असंच चाललं तर दोन महिन्यांनी एकोणीस कामगारांना घरी पाठवावं लागेल.” त्या एकोणीस जणांना त्यांनीच कामावर घेतलं होतं.

आत्या न विकलेल्या खोक्यांकडे बघत राहिली. केतकीला ते पाहवेना. ती कारखान्यातल्या दामू नावाच्या रोबोकडे गेली.

“दामू, बरोबर किंमत कशी काढायची?”

“यंत्राला किती खर्च आला हे आपल्याला माहीत आहे,” दामू म्हणाला. “लोकांना ते केवढ्याला परवडतं, हे कुणी विचारलंय का?”

दुसऱ्या दिवसापासून दोघं दारोदार फिरू लागले. केतकी खेळ दाखवून विचारायची, “भिंगरी आवडली का?” सगळे हसून ‘हो’ म्हणत.

“हे उत्तर उपयोगाचं नाही. लोक तुझं मन मोडत नाहीत,” दामू म्हणाला. “किती रुपयांपर्यंत घ्याल, असं विचार.”

आता लोक थांबून विचार करू लागले. शिवणकाम करणाऱ्या शबानाकाकूंनी मशीन थांबवलं आणि खेळात रमलेल्या आपल्या दोन मुलांकडे पाहिलं. “चोवीस हजार. दिवाळीच्या कामातून तेवढे जमतील. त्यावर एक रुपया नाही गं, बाळा.”

दोनशे घरं झाल्यावर दामूने भिंतीवर एक उतरती रेषा काढली. “ही मागणी-रेषा (किंमत बदलली की गिऱ्हाइकं किती बदलतात ते दाखवणारी रेषा). छत्तीस हजारांना पाच घरं तयार आहेत, तीस हजारांना दहा, चोवीसला बावन्न आणि अठराला नव्वद.”

“पण चोवीसला विकलं तर प्रत्येक भिंगरीमागे सहा हजार खिशातून जातील!”

“यंत्र एकदाच विकलं जातं. आणि खेळ?”

केतकी विचारात पडली. “ते तर लोक पुन्हा पुन्हा घेतात!”

“एका खेळामागे आपल्याला पाचशे रुपये मिळतात. आपली अकरा गिऱ्हाइकं ज्या वेगाने खेळ घेताहेत, त्यावरून वर्षाला चार खेळ धरू. भिंगरी चार वर्षं चालते.”

केतकीने वहीत मांडलं. खेळांचे आठ हजार. त्यातून यंत्राचा सहा हजार तोटा वजा केला, तर घरामागे दोन हजार उरतात. बावन्न घरांचे एक लाख चार हजार! छत्तीसच्या किमतीला नफ्याचे सहा आणि खेळांचे आठ मिळून घरामागे चौदा हजार सुटत होते, पण घरं पाचच, म्हणजे सत्तर हजार.

“मग अठरालाच विकू या! नव्वद घरं!”

“तोटा किती?”

तिने हिशेब केला आणि तिचा चेहरा उतरला. यंत्रामागे बारा हजार जाणार, खेळांतून आठच येणार. जितक्या भिंगरी जास्त खपतील, तितका खड्डा मोठा.

संध्याकाळी निंबाळकरकाकांनी वही दोनदा वाचली. “अकरा घरांवरून बांधलेला अंदाज आहे हा. चुकला तर?”

“चुकू शकतो,” दामू म्हणाला.

“आणि खेळांचे पैसे हळूहळू येतील. तोटा मात्र आजच.” काकांनी चष्मा काढून पुसला. “ताई, सहा महिने माझा पगार धरू नका. चोवीस लावा.”

पहिले काही आठवडे कठीण गेले. भिंगरी भराभर खपत होत्या आणि तिजोरी रिकामी होत होती; आत्याला बँकेचं कर्ज काढावं लागलं. काका रोज सकाळी कामगारांच्या आधी येऊन बसत. दिवाळीत शबानाकाकू पैसे मोजून देऊन खोकं घेऊन गेल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तीन हजार घरांत भिंगरी पोचली. एवढी घरं पाहून, पूर्वी आत्याचा फोनही न उचलणारे खेळ बनवणारे स्वतःहून आले. नवे खेळ आले, म्हणून आणखी घरांनी भिंगरी घेतली. एकाही कामगाराला घरी जावं लागलं नाही.

सुटे भागही आता हजारांनी घेतले जात होते, त्यामुळे ते स्वस्त पडू लागले. एका भिंगरीचा खर्च तीस हजारांवरून पंचवीसवर आला.

केतकी ते आकडे बघत राहिली. “आत्या, खर्च उतरला तर आपण किंमतही उतरवू शकतो ना? वीस हजार केली तर?”

“तर किती घरं घेतील?” आत्याने विचारलं.

“मला काय माहीत?” असं म्हणेपर्यंत केतकीने चपला घातल्या होत्या. “चल रे दामू, विचारून येऊ!”