टबावरचं उत्तर

पोलीस जमादार यशवंतरावांच्या मुलीचं, पुष्पाचं लग्न झालं, ते १९८४ साल. मांडव उतरवून तीनच दिवस झाले होते. मंगळवारी ८ मेला सकाळी बोरगावात गुणवंता शेतकऱ्याच्या विहिरीत मधुकरचं प्रेत सापडलं.

मधुकर नागपूरच्या कॉलेजातला. सौंसरला खोली घेऊन तो गाळातल्या जंतूंचा अभ्यास करायचा. आठवड्यापूर्वी गुणवंतानं त्याला शेतातून हाकललं होतं. तेवढ्यावर ठाणेदारानं गुणवंताला कोठडीत घातलं आणि कबुलीसाठी पट्टा हाती घेतला.

बुधवारी सकाळी यशवंतरावांनी गजांतून विचारलं, "भांडला कायले?"

"विहिरीतला गाळ मागे जी. म्या म्हटलं, गाळ कुठचा? कालच उपसला. खाली नुसता खडक आहे." त्याची पाठ रक्तानं भिजली होती. "जमादार, लवकर करा. नाहीतर मी हो म्हणून टाकीन."

डॉक्टरनं प्रेताच्या घशातला काळा गाळ बाटलीत भरून दिला होता. ती घेऊन यशवंतराव मधुकरच्या खोलीवर गेले. त्याचा अभ्यासातला जोडीदार सुधाकर तिथंच होता. खिडकीशी गाळाचा टब होता. काठावर चिठ्ठी चिकटवलेली : उत्तर.

"उत्तर लिहून आहे, मंग प्रश्न कुठी आहे?" सोबतचा शिपाई हसला.

"दिशा आहे ती!" सुधाकर चिडला. "मधुकर होकायंत्र लावून टब ठेवायचा. या जंतूंच्या पोटात चुंबकी कणांची माळ असते, म्हणून ते उत्तरेकडे पोहतात. उद्या त्या कणांना औषध चिकटवून चुंबकानं दुखऱ्या जागी नेता येईल."

यशवंतरावांनी उन्हाकडे पाहिलं. चिठ्ठी दक्षिणेला होती.

"हे जंतू भेटतात कुठी?"

"पांढुर्ण्याजवळ, जाम नदीच्या डोहात. बोरगावला शोधले. एकही नाही."

"दाखवा बरं मले."

सुधाकरकडे पाठ करून त्यांनी एक थेंब काचेवर सोडला. सुधाकरनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, चुंबक जवळ आणला.

"बघा, सगळे धावताहेत."

"हा थेंब मधुकरच्या घशातला आहे."

सुधाकरनं डोळा काढला नाही.

"विहिरीत गाळच नव्हता," यशवंतराव म्हणाले. "हा गाळ या टबातला. तुम्ही त्याचं तोंड यात दाबलं. झटापटीत टब फिरला, ठेवताना दिशा चुकली. गुणवंताचं भांडण ठाऊक होतं, म्हणून प्रेत त्याच्या विहिरीत टाकलं."

"शोध माझा होता. निबंधावर त्यानं एकट्याचं नाव घातलं." सुधाकर शांत होता. "चहा उकळायला लागतो, तेवढाच वेळ लागला."

त्याला बेड्या घालून ते चार वाजता ठाण्यात पोचले. टेबलावर गुणवंताची कबुली होती. अंगठ्याची शाई अजून ओली होती.

मधुकर सोमवारी, ७ मेला संध्याकाळी मेला. गुणवंता बुधवारी, ९ मेला दुपारी साडेतीनला कोठडीत मेला.