फानहेकेचा दगड

दिवा बारीक केला तरी चालेल. दफनभूमीचा राखणदार, तो फाटकाशी राहणारा लुबर्ट, तुम्ही पाहिलाय. त्याला थापा मारता येत नाहीत. तेवढी अक्कलच देवानं दिलेली नाही. म्हणून तर सांगतो.

गेल्या नोव्हेंबरातली दहा तारीख, सोमवार. दुसऱ्या दिवशी बेल्जियमचे पाहुणे त्यांच्या शिपायांच्या थडग्यांवर फुलं वाहायला येणार, म्हणून लुबर्ट दुपारीच बादली आणि मऊ ब्रश घेऊन निघाला. पहिल्या महायुद्धात सरहद्द ओलांडून आपल्या हॉलंडात आलेले ते शिपाई. आपण लढाईत नव्हतो, म्हणून त्यांची हत्यारं काढून घेतली आणि त्यांना छावणीत ठेवलं. गोळीनं नाही, तापानं गेले बिचारे. निळसर दगड, वरून गोलाई, माथ्याजवळ काळ्या-पिवळ्या-लाल रंगांची चकती, खाली ब्राँझच्या पट्टीवर नाव. असल्या दगडाला नुसतं पाणी लागतं. ॲसिड लावलं की खलास.

रांगेत एकच खोट होती. ओमेर फानहेकेचा दगड बाकीच्यांच्या एक पाऊल पुढं होता, लुबर्टच्या घराच्या बाजूला. खड्डा खणताना ओकचं मूळ आडवं आलं, म्हणून त्याला पुढं पुरला, असं जुना राखणदार सांगून गेला होता. पण नगरपालिकेतल्या नव्या बाईंच्या डोळ्यात ते खुपत होतं. उद्या रांग सरळ दिसली नाही, तर काम बाहेरच्या कंपनीला देऊ, असं त्यांनी हसत हसत सांगितलं होतं. घर कामाबरोबर मिळालेलं. काम गेलं की घरही गेलं.

शिवाय आपल्या लुबर्टला वाकडं बघवतं कुठं? "तुझ्या वाफ्यातली गाजरंसुद्धा भीतीनं सरळ वाढतात," असं त्याची बायको आल्त्ये त्याला नेहमी चिडवायची. अंधार पडायच्या आत लुबर्टनं पहार लावून दगड उचकटला, हातगाडीवरून मागं नेला आणि रांगेत बसवला. खाली पुरलेला माणूस राहिला तिथंच. जुन्या जागेवर गवताचे तुकडे लावले, हात धुतले, वाटाण्याचं सूप प्याला. मनाला लागलं नाही असं नाही. पण पोट असतं ना.

रात्री पावणेबाराला आल्त्ये पाणी प्यायला उठली. बराच वेळ परत येईना, म्हणून लुबर्ट स्वयंपाकघरात गेला. ती खिडकीशी उभी होती.

"बाहेर कुणीतरी आहे रे," ती म्हणाली.

लांब कोट. डोकं उघडं. रांगेतून चालला होता. एका दगडाशी वाकला. नावावरून बोटं फिरवली. पुढं सरकला. पुन्हा वाकला...

फानहेकेच्या दगडाशी थांबला. बोटं नावावर. बराच वेळ. मग खालची जमीन चाचपली... तिथं त्याचं काही नव्हतं.

तो पुढं आला. एक पाऊल. तिथली जमीन थापटली. मग मान वर केली. घराकडे...

लुबर्टनं कोट चढवला.

"घर जाईल, लुबर्ट."

"त्याचं मी घालवलंय."

बाहेर कुणी नव्हतं. नुसतं धुकं. टॉर्च दातांत धरून त्यानं दगड उचकटला. ओढला. जुन्या जागी उभा केला. पाठीमागं... श्वास. एकाचा नव्हे. त्यानं वळून बघितलं नाही. घरात आला, कडी लावली, आणि दोघं उजाडेपर्यंत हात धरून बसली.

सकाळी पाहुणे आले, बिगुल वाजला. लुबर्ट मान खाली घालून मागं उभा होता. मनातल्या मनात त्यानं सामान बांधायला घेतलं होतं. बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "छान केलंत हो. अगदी दोरी धरल्यासारखं." टोमणा असेल, असं त्याला वाटलं. त्यानं वर बघितलं.

रांग सरळ होती. फानहेके त्याच्या जागीच होता. बाकीचे सगळे येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले होते. दगडांच्या बुडाशी गवत तसंच, दवानं भरलेलं. पहारेची खूण नाही, मातीचा कण नाही.

काम राहिलं, घरही राहिलं. लुबर्ट आणि आल्त्ये अजून तिथंच राहतात. फक्त त्या घराकडे तोंड करून उभे असलेले ते सगळे... आता एक पाऊल जवळ आलेत.