दुसरी हाक

दसऱ्याच्या दिवशी, ऊन कलायला लागलं तेव्हा पूर्णिमा आपट्याची पानं आणायला निघाली. काम एवढंच होतं. संध्याकाळी शेजारचे लोक सोनं द्यायला येणार, देवापुढे मूठभर पानं हवीत, आणि घरात एक पान नव्हतं. जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यात राहत होते तेव्हा सोनपत्ती दारावर विकायला यायची. इथे नव्या राजधानीत सगळं नवं. सहा पदरी रस्ते, रिकामे चौक, दिवसाही जळत राहणारे दिवे. आपट्याचं झाड मात्र कोणी लावलं नव्हतं.

पानं आणायचं खरं तर निरंजननं कबूल केलं होतं. तिचा नवरा दर सुट्टीला जाड टायरची गिअरवाली सायकल घेऊन एकटाच जंगलात जायचा. आजही पहाटेच गेला, चिखलानं माखून आला, सायकल धुतली, हँडलला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि आडवा झाला.

"पानं?" पूर्णिमानं विचारलं.

"अरे यार, भूल गया."

"एवढ्या जंगलात गेलते, एक फांदी तोडता नाही आली?"

"जंगलात रस्त्याकडे पाहावं लागते. झाडं पाहत बसलो असतो त दात पडले असते माझे."

"ठीक आहे. मग मीच जाते. ह्याच सायकलनं."

निरंजन उशीतून हसला. "गिअर कोण बदलवेल? ते शिलाई मशीन नाही, सातवी पास मॅडम."

बस. तिच्या कानशिलात काहीतरी तडकलं. आतल्या खोलीत दहा महिन्यांचा भार्गव झोपला होता, पलीकडे सासू गोदूबाईंचा डोळा लागला होता. कोणाला काही न सांगता तिनं ओढणी कमरेला आवळली, सायकल बाहेर काढली आणि निघाली. बाप आहे ना घरात? उठल्यावर पाहील पोट्ट्याले. एक दिवस त्यालेही कळू दे.

सायकलच्या दांडीवर, हँडलच्या अलीकडे, लहान मुलाची सीट होती. ती बसवून घ्यायला पूर्णिमाला आठवडाभर अबोला धरावा लागला होता. 'लूक खराब होते' म्हणून निरंजन अजून कुरकुरायचा. भार्गव तिच्यात आजवर एकदाच बसला होता. त्याच्या वजनानं पुढचा शॉकप, चाकावरची धक्के झेलणारी स्प्रिंग, जरासा दबला होता, आणि त्यानं हँडलवरचं रबर ओढून ओढून सैल केलं होतं. आज ती रिकामी सीट तिच्या दोन्ही हातांच्या मधोमध होती, आणि खड्ड्यात चाक गेलं की खडखडायची.

तुमसरला शाळेत जाताना पूर्णिमा वडिलांची सायकल दांडीखालून पाय घालून, कैची मारून चालवायची. पाय विसरले नव्हते. डांबरी रस्ता संपला, मुरमाचा लागला, मग पायवाट. कुवारचं, आश्विनातलं ऊन पाठीला चावत होतं. दोन्हीकडे कमरेएवढं वाळकं गवत, पळस, तेंदू, आणि मोहाची जुनी झाडं. लांबून पिकल्या धानाचा वास येत होता. वाट फुटत गेली, पूर्णिमा मनाला येईल तिकडे वळत गेली. 'दात पडले असते म्हणे! पाहा, मी चालवून राहिली.' गिअर करकरला, ती तिथेच त्याला शिवी देऊन पुढे गेली.

आपटा दिसला तो एका मोकळ्या जागेत. एकटाच उभा, पानांनी गच्च भरलेला. खाली दगडांचे लहान लहान ढिगारे होते. काही नीट रचलेले, काही ढासळलेले. पलीकडे मोडक्या भिंती, एक बुजलेली विहीर. कधीकाळचं गाव असावं.

एक म्हातारी शेळ्या हाकत जात होती. पूर्णिमाला ढिगाऱ्यावर बसलेलं पाहून ती थबकली.

"इहां झन बइठ बहिनी. लइका मन के जगा आय."

"बसू नको? लेकरांची जागा? इथे कुठे लेकरं आहेत, दाई?"

म्हातारीनं काठीनं एकेक ढिगारा दाखवला. ज्यांना दातही आले नाहीत, त्यांना जाळत नाहीत, इथे ठेवतात. ठेवत होते. राजधानी आली, गाव उठलं, लोकांना नवी घरं मिळाली. "हमन चल देन. एमन ला कोन बलाही?" आम्ही निघून गेलो, यांना कोण बोलावणार, असं ती शेळ्यांकडे बघत म्हणाली. मग जाता जाता मागे न पाहता बोलली, "आवाज झन देबे काकरो ला इहां." इथे कोणाला हाक मारू नकोस.

पूर्णिमा चटकन उठली. आपण घाबरलो, याचाच तिला आणखी राग आला. निरंजननं सकाळीच पानं आणली असती, तर ती इथे आली असती का? तिनं भराभर पानं ओरबाडली, ओढणीत बांधली. आवाज कोणाला देणार? एकटीच तर आहे मी.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. भार्गव झाल्यापासून गोदूबाईंनी तिला एक रीत लावून दिली होती. लेकरू जिथे बसलं, निजलं, खेळलं, तिथून उठताना त्याला हाक मारायची, 'चल बाळा, घरी चल.' नाहीतर जीव तिथेच रमतो आणि अंगच तेवढं घरी येतं. मग घरी आल्यावर उंबऱ्याबाहेर थांबायचं. घरातल्या मोठ्या माणसानं तीच हाक पुन्हा द्यायची, तेव्हाच पाऊल आत. पहिल्या हाकेनं लेकरू निघतं, दुसरीनं घरात येतं. निरंजन हसायचा. पण पूर्णिमा भित्री आई. दवाखान्यात, बस स्टॉपवर, देवळात, कुठेही तिनं ही हाक चुकवली नव्हती. आता तर तोंडाला सवयच झाली होती.

सायकलवर बसून, डोक्यात नवऱ्याला घालायच्या शिव्या जुळवत, पायडलवर पाय ठेवता ठेवता ती बोलून गेली,

"चल बाळा, घरी चल."

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला ऐकू आले.

पाखरं गप्प झाली होती. गवत हलत नव्हतं.

पुढचा शॉकप हळूच खाली दबला.

तिनं पायडल मारलं. श्वास न घेता मारत राहिली. सीट आता खड्ड्यातही खडखडत नव्हती. तिच्या दोन हातांमध्ये, हनुवटीच्या खाली, ओल्या मातीचा वास होता... आणि त्यात मिसळलेला दुसरा एक, आंबूस, दुधाचा. हँडलवरच्या हारातली एक पाकळी सुटून खाली पडली. मग दुसरी. वारा नव्हता. कोणीतरी फार सावकाश, मन लावून, एकेक पाकळी उपटत होतं. भार्गव उपटतो तशी.

आणि तिला पान्हा फुटला. कुडता ओला झाला, भार्गव रडला की होतो तसा.

त्या क्षणी भीतीपेक्षा संतापच मोठा झाला. तिनं करकचून ब्रेक मारला, उतरली आणि रिकाम्या सीटवर ओरडली, "उतर! उतर म्हणते ना! हे माझ्या पोट्ट्याचं आहे. तुही माय मी नाही. जिनं तुले ठेवलं तिच्याकडे जा!"

शॉकप दबलेलाच होता. झेंडू थांबला. मग, रागावलेल्या मोठ्या माणसाकडे बघून लेकरू गप्प बसतं ना, तसं काहीतरी त्या सीटमध्ये गप्प बसलं. पूर्णिमाला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून ती स्वतःवरच चिडली.

परत नेऊन ठेवू, तिनं ठरवलं. जिथून उठवलं तिथेच. पाकळ्या पडल्याच आहेत, त्यांच्या मागे गेलं की झालं. तिनं सायकल वळवली. थोडं मागे गेल्यावर वाटेला तीन फाटे फुटले होते. एका फाट्यावर केशरी पाकळ्या पडल्या होत्या. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावरही, दिसेल तिथपर्यंत.

त्याला परत जायचं नव्हतं.

सूर्य मोहाच्या झाडांमागे उतरला. सायकल इथेच टाकून पळावं? पण मग ते सीटवर राहील, की मागून चालत येईल? सीटवर आहे तोवर निदान कुठे आहे ते कळतं. आणि अजून दुसरी हाक झालेली नाही. हाच एक धागा तिनं पकडला. सायकल फाटकाबाहेर उभी करायची, कोणाला तोंड उघडू द्यायचं नाही, आईंच्या कानात सगळं सांगायचं. आईंनाच ठाऊक असेल कसं परत पाठवायचं ते. पण दारातून कोणी बोलावता कामा नये. आत भार्गव आहे.

कॉलनीत शिरली तेव्हा दिवेलागण झाली होती. मैदानाकडून रावणाच्या फटाक्यांचे आवाज येत होते. तिनं सायकल फाटकाबाहेर भिंतीला टेकवली. दार उघडंच होतं. गोदूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. मोतीबिंदूनं निळसर झालेले डोळे बारीक करून त्या फाटकाकडे पाहत होत्या.

"आली काय वं? किती उशीर! आणि पोट्ट्याले अजून काहून बसवून ठेवलं सायकलवर? पाय पाहा कसे लटकून राहिले त्याचे..."

पूर्णिमा फाटकातच थांबली. भार्गव घरात नव्हता? आईंना वाटलं, तिनंच नेला? विचारायला वेळ नव्हता. गोदूबाई श्वास घेत होत्या, हाक मारण्याआधी घ्यायच्या तसाच.

"गप्प राहा!" पूर्णिमा किंचाळली. "तोंड उघडू नका आई! एक शब्द नाही!"

दिवसभराचा राग त्या आवाजात होता. नवऱ्यासाठी साठवलेला, सगळा. शेजारच्या गॅलरीत कोणीतरी वाकून पाहिलं. गोदूबाईंनीही ते पाहिलं. सणाच्या दिवशी, भरल्या दारात, सुनेनं असं बोलावं?

"मी गप्प राहू? माझ्या घरात?" त्यांनी ताट सावरलं. "तू राहा बाहेर, जेवढं रागवायचं तेवढं रागव. माझ्या नातवानं काय केलं तुहं?" आणि पूर्णिमा फाटकातून धावत त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत, नेहमीच्या मऊ, लांबट सुरात त्यांनी हाक दिली,

"चल बाळा... घरी चल."

मागे भिंतीजवळ बारीकसा आवाज झाला. शॉकप वर आला होता.

ताटातली ज्योत आतल्या बाजूला कलली आणि पुन्हा सरळ झाली.

"हे काय, सगळे बाहेर?" रस्त्यावरून निरंजनचा आवाज आला. मैदानातून परतत होता. त्याच्या खांद्यावर, केसांना धरून, भार्गव बसला होता. "रावण पाहून आला आमचा हिरो. आई, तू झोपली होतीस म्हणून नाही उठवलं. आणि पूर्णिमा, गाडीचं काय केलंस यार? हाराचा नुसता दोरा राहिला!"

गोदूबाईंनी खांद्यावरच्या भार्गवकडे पाहिलं. मग फाटकाबाहेरच्या सायकलकडे. मग अगदी हळू मान फिरवून स्वतःच्या मागे, घरात.

"मग मी... कोणाले बोलावलं?"

निरंजननं हसायचा प्रयत्न केला, पण बायकोचं तोंड पाहून ते हसू अर्ध्यातच राहिलं. पूर्णिमानं त्याच्या खांद्यावरून भार्गवला ओढून घेतलं, छातीशी घट्ट धरलं. तिच्यात आता राग शिल्लक नव्हता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, थेंबभरही नाही. त्या रिकाम्या जागी काय आलं होतं ते तिला कळत नव्हतं.

आत जावं लागलंच. रात्र काही रस्त्यावर काढता येत नाही. तिनं दिवे सगळे लावले. भार्गव कडेवरून उतरायला धडपडत होता, म्हणून त्याला सतरंजीवर बसवलं, हातात त्याचा लाकडी खुळखुळा दिला. त्या खुळखुळ्याला हात लावू द्यायचा नाही तो कोणाला. बापानं घेतला तरी घर डोक्यावर घ्यायचा.

भार्गवनं खुळखुळा दोनदा वाजवला. मग दाराआडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओळखीचं कोणी आलं की हसतो तसा, सगळ्या हिरड्या दाखवत हसला. थोडा सरकून त्यानं सतरंजीवर बाजूला जागा केली.

आणि हात लांब करून, खुळखुळा सतरंजीच्या पलीकडे धरून, मूठ सोडली.

खाली फरशी होती. पडल्याचा आवाज आला नाही.